वर्गमित्राला कमी दिसत असेल तर: नागपूरच्या कॉलेजमधल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

वर्गात अल्पदृष्टी असलेला विद्यार्थी आला की पहिल्या महिनाभरात मागच्या बाकांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘याले दिसत नाही म्हणतात, मंग मोबाईल कसा पाहून राहिला?’ हा संशय दयेपेक्षाही जास्त नुकसान करतो. दया आली तरी माणूस निदान जवळ येतो, संशय आला की चार पावलं लांबच राहतो. दुसरा समज असा, की हे काम कॉलेजचं, शिक्षकांचं, फार तर एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं). प्रत्यक्षात अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्याच्या रोजच्या अडचणींपैकी बऱ्याच शेजारच्या बाकावरून सुटतात, आणि त्यासाठी कुठलंही प्रशिक्षण लागत नाही. काय करायचं ते माहीत असावं लागतं, आणि ते सेमिस्टर संपेपर्यंत करत राहावं लागतं. पायऱ्या पुढे दिल्या आहेत.

पायरी १: कमी दिसणं म्हणजे काय ते आधी समजून घ्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अंधत्व आणि अल्पदृष्टी हे दोन वेगळे प्रकार आहेत. चष्मा, लेन्स, उपचार सगळं करूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टीचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी, १० अंशांपर्यंत आक्रसलं असेल, तर ती अल्पदृष्टी. ६/६० चा अर्थ असा: चांगली नजर असलेल्याला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येतं, त्यासाठी या विद्यार्थ्याला ६ मीटरवर यावं लागतं. ‘नंबर वाढला असेल, चष्मा बदल’ हा सल्ला इथे चालत नाही. चष्मा लावल्यानंतरचीच ही नजर आहे.

आता मोबाईलचं उत्तर. पुस्तक आपण साधारण ४० सेंटीमीटरवर धरतो. तेच १० सेंटीमीटरवर आणलं की अक्षराची डोळ्यातली प्रतिमा चौपट होते. मोबाईल नाकाशी धरून वाचणारा आणि फळा न दिसणारा विद्यार्थी एकच असू शकतो, त्यात खोटं काही नाही. डोळे जवळ नेल्याने ते आणखी बिघडतात, हाही गैरसमज आहे. त्याला टोकू नका.

प्रत्येकाचं कमी दिसणं वेगळं असतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला असेल तर तो विद्यार्थी कॉरिडॉरमधून बिनधास्त चालेल, पण समोर आलेल्याचा चेहरा ओळखणार नाही. उलट, कडेची नजर गेलेला (रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये असं होतं) पुस्तकातलं बारीक अक्षर वाचेल आणि पायाशी ठेवलेल्या बादलीला अडखळेल. त्याला संध्याकाळनंतर जवळजवळ काहीच दिसत नाही. डोळे सतत हलत असतील तर मान एका बाजूला वळवून पाहिल्यावर ते जरा स्थिरावतात. तो तिरका बघतोय असं वाटतं, पण तो नीट बघण्याचाच प्रयत्न असतो. वर्णहीनता किंवा बुबुळावर डाग असेल तर उजेडच टोचतो. शिवाय दिवसभर नजर सारखी राहत नाही. सकाळी आठच्या तासाला वाचू शकणारा विद्यार्थी एप्रिलमधल्या दुपारी, उन्हातून आत आल्यावर, तेच पान वाचू शकणार नाही.

तुम्ही हात हलवला आणि त्यानं ओळख दिली नाही, तर त्याला घमेंड समजू नका. त्याला तुम्ही दिसलाच नाहीत.

पायरी २: विचारा, पण कामाबद्दल विचारा

‘तुला किती दिसतं?’ या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येत नाही. डोळ्यांपुढे बोटं नाचवून ‘किती सांग’ म्हणणं तर सरळ अपमान आहे. विचारायचं ते असं:

‘फळ्यावरचं घ्यायला काय केलं तर सोपं जाईल?’
‘नोट्स छापील हव्यात, मोबाईलवर हव्यात की ऐकायला?’
‘कुठल्या ठिकाणी चालताना त्रास होतो, कुठल्या वेळी?’
‘मी मध्येच मदत केली तर चालेल, की तू सांगशील तेव्हाच करू?’

हे चारचौघांत विचारायचं नाही. तास संपल्यावर, चहा घेताना, एकट्यात. उत्तर ‘नको’ आलं तर ते मान्य करा, आणि महिनाभरानं एकदा पुन्हा विचारा. गडचिरोली, गोंदियासारख्या ठिकाणांहून नव्यानं शहरात आलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्या आठवड्यात सगळ्यालाच नको म्हणते, कारण वेगळं दिसायचं नसतं.

बोलायला सुरुवात करताना आपलं नाव सांगा: ‘मी प्रणय.’ ‘ओळख पाहू कोण’ हा खेळ खेळू नका. जाताना ‘मी निघतो’ म्हणा, नाहीतर तो रिकाम्या जागेशी बोलत राहतो. आणि त्याच्या नजरेबद्दल त्याच्या सोबत आलेल्या आईला किंवा मित्राला विचारू नका, त्यालाच विचारा.

पायरी ३: फळा

‘पहिल्या बाकावर बस’ एवढ्यानं काम होतं असं शिक्षकांसह सगळ्यांना वाटतं. हिशेब करून पाहा. ६/६० नजरेला ६ मीटरवरून जेमतेम ओळखता येणारं सुटं अक्षर सुमारे ८.७ सेंटीमीटर उंचीचं असतं. ३ मीटरवर आलं तर ४.४ सेंटीमीटर. फळ्यावर शिक्षक लिहितात ते अक्षर साधारण ४ ते ५ सेंटीमीटरचं. म्हणजे पहिल्या बाकावरूनही नजर अगदी शेवटच्या मर्यादेवर असते, आणि न थकता वाचायचं तर अक्षर त्या मर्यादेच्या किमान दुप्पट लागतं. देवनागरीत वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, म्हणून आणखीच मोठं. तेव्हा पहिला बाक हवाच, पण सोबत पुढच्यापैकी काहीतरी हवं.

शिक्षकांनी लिहिताना मोठ्यानं बोलणं हा सर्वांत स्वस्त उपाय. ‘हे इथून इकडे नेलं’ याऐवजी ‘एक्सचा वर्ग डावीकडे नेला’. ही विनंती एकानं न करता वर्गप्रतिनिधी आणि दोघातिघांनी मिळून केली की शिक्षकांना ती तक्रार वाटत नाही. बऱ्याच मुलांना त्याचा उपयोग होतो, हेही सांगा, कारण ते खरं आहे.

शेजारच्यानं फळा पुसण्याआधी फोटो काढावा: समोरून, फ्लॅश बंद ठेवून, फळ्याचे दोन-तीन भाग करून. संपूर्ण फळा एका फोटोत घेतला की मोठा केल्यावर अक्षरं फुटतात. काही जणांकडे एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण असते. चारपट मोठं दाखवणारी दुर्बीण असेल तर ३ मीटरवरची ४.४ सेंटीमीटरची मर्यादा १.१ वर येते. तो ती वर्गात वापरायला लाजत असेल तर हसणारे कोण आहेत ते तुम्हाला माहीत असतं. त्यांच्याशी तुम्हीच बोला.

फळा कोरड्या डस्टरनं पुसून करडा झाला असेल तर पांढरा खडू कुणालाच नीट दिसत नाही. तास सुरू होण्याआधी ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या. काळ्या-हिरव्या फळ्यावर पांढरा आणि पिवळा खडू चालतो, लाल आणि निळा बुडून जातो. खिडकीची तिरीप फळ्यावर पडत असेल तर पडदा ओढा.

पायरी ४: नोट्स

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि चांगल्या मनानं केलेलं कामही इथेच वाया जातं.

बर्डीच्या किंवा कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-फोरचं ए-थ्री करून आणणं ही सगळ्यांची पहिली कल्पना. त्यात आकार १४१ टक्के होतो, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर १७ चं. काहींना तेवढं पुरतं. पण ए-थ्री कागद बाकावर मावत नाही, वाचताना मान आणि हात दोन्ही फिरवावे लागतात, आणि झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर पुसटपणाही मोठा होतो. मूळ फाइल मिळवून ए-फोरवरच मोठ्या अक्षरात छापणं केव्हाही चांगलं.

छापायचं असं. १८ पॉइंटनं सुरुवात करा, मग २० आणि २४ चा एकेक परिच्छेद छापून त्यालाच निवडू द्या. सर्वांत मोठं ते सर्वांत चांगलं असं नसतं. कडेची नजर गेलेल्याला फार मोठं अक्षर त्रासदायक होतं, कारण एका नजरेत शब्दच मावत नाही. मुक्ता किंवा नोटो सॅन्ससारखा सारख्या जाडीचा साधा फॉन्ट घ्या. ओळींमधलं अंतर दीडपट. डावीकडून सरळ, उजवी कड मोकळी. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमधली अंतरं विस्कटतात आणि ओळ हरवते. अधोरेखित करू नका: देवनागरीत खालची रेघ उकारांवरून जाते आणि ‘पुर’ की ‘पूर’ ते कळेनासं होतं. महत्त्वाचा शब्द ठळक करा. कागद चकचकीत नको.

हातानं लिहिलेल्या नोट्स द्यायच्या असतील तर काळ्या जाड जेल पेननं, एक ओळ सोडून. निळं बॉलपेन आणि पेन्सिल नको.

मोबाईलवर हवं असेल तर एक तपासणी आधी करा. पीडीएफमधली एक ओळ निवडून व्हॉट्सॲपवर चिकटवून पाहा. तीन गोष्टींपैकी एक होईल. ओळ जशीच्या तशी मराठीत आली तर फाइल युनिकोडमध्ये आहे आणि मोबाईल ती वाचून दाखवू शकतो. इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ आली तर ती कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. डोळ्यांना मराठी दिसतं, पण वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यातून गोंधळच वाचतं. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. आणि ओळ निवडताच आली नाही तर ते स्कॅन केलेलं चित्र आहे. ते गूगल ड्राइव्हवर चढवून ‘गूगल डॉक्स’मध्ये उघडलं की अक्षरं ओळखून मजकूर मिळतो. स्कॅन करताना पुस्तक सपाट, सावली नाही, पान सरळ. पुस्तकाच्या मधल्या घडीजवळचे शब्द वाकले की तिथेच चुका होतात.

मिळालेला मजकूर तसाच पुढे पाठवू नका. घ-ध, भ-म, थ-य, प-ष यांची अदलाबदल झालेली असते, रफार उडालेला असतो, पृष्ठक्रमांक आणि तळटीपा वाक्याच्या मध्ये घुसलेल्या असतात. तक्ता असेल तर त्याचे रकाने एकमेकांत मिसळतात, तो वाक्यांत लिहून काढावा लागतो. आकृतीसाठी दोन ओळी: कशाची आहे, आणि तिच्यातून काय समजून घ्यायचं आहे. तपासायला पान-पान वेळ जातो, म्हणून आख्खं पुस्तक करायला घेऊ नका. पुढच्या आठवड्यात शिकवला जाणारा धडा आधी. परीक्षेच्या आदल्या रात्री मिळालेल्या दोनशे पानांचा काही उपयोग नाही.

पुस्तक स्कॅन करणं बेकायदेशीर आहे, म्हणून अनेक जण मागे हटतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं दिव्यांग व्यक्तीच्या अभ्यासासाठी तिला वाचता येईल अशी प्रत तयार करायला मुभा आहे. मात्र ती फाइल तिच्यासाठी आहे. वर्गाच्या ग्रुपवर टाकली की ती मुभा संपली. अनेक पुस्तकं तयार स्वरूपात ‘सुगम्य पुस्तकालय’ या २०१६ साली सुरू झालेल्या ऑनलाइन ग्रंथालयात मिळतात. अपंगत्वाचा दाखला देऊन सदस्य होता येतं, आधी तिथे शोधा.

ऐकायला हवं असेल तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं टॉकबॅक अँड्रॉइडमध्ये आहे, संगणकावर त्याच कामाचं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे. दोन्ही मराठी वाचतात. विंडोजमधलं भिंग ‘विंडोज’ आणि ‘अधिक’ ही बटणं एकत्र दाबली की सुरू होतं. स्वतः वाचून रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीला विषय, धडा, पान क्रमांक सांगा, मथळा आला की ‘मथळा’ म्हणा, आणि एका फाइलमध्ये एकच मुद्दा ठेवा. फाइलला नाव तारीख, विषय, धडा या क्रमानं द्या. तासाचं रेकॉर्डिंग करायचं तर शिक्षकांची परवानगी आधी घ्या.

वर्गाच्या ग्रुपवर नोटीस बोर्डाचा तिरका फोटो टाकण्याची सवय मोडायलाच हवी. फोटोखाली एक ओळ टाइप करा: ‘परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, खिडकी क्रमांक, लागणारी कागदपत्रं.’ दहा सेकंदांचं काम आहे. ते न झाल्यानं फॉर्म राहून जातात.

पायरी ५: कामं वाटून घ्या

एकाच जिवलग मित्रावर सगळं पडलं की तो दोन महिन्यांत दमतो, मग टाळू लागतो, आणि दोघांचीही मैत्री बिघडते. चार-पाच जणांनी एकेक काम घ्यावं: एकानं फळ्याचे फोटो, एकानं फाइलींची तपासणी, एकानं नोटिसा, एकानं परीक्षा विभागाचा पाठपुरावा. ज्याला जमणार नाही त्यानं आदल्या दिवशी सांगावं. उशिरा मिळालेल्या मदतीपेक्षा वेळेवर मिळालेला नकार बरा, त्याला दुसरी सोय तरी करता येते.

आणि घेणं-देणं दोन्ही बाजूंनी असू द्या. गटाच्या प्रोजेक्टमध्ये ‘तू राहू दे, आम्ही करतो’ असं म्हणून त्याचं फक्त नाव घालणं हा मदतीचा सर्वांत वाईट प्रकार आहे. मुलाखती, मांडणी, संदर्भ ऐकून टिपणं काढणं, सादरीकरण, यातलं काय घेणार ते त्याला विचारा आणि मग त्याच्याकडून कामही चोख मागा.

पायरी ६: चालणं, ऊन, जिने

अल्पदृष्टी असलेल्या बहुतेकांना ओळखीच्या वाटेवर हात लागत नाही. हात धरून ओढू नका, मागून ढकलू नका. गरज आहे का विचारा, हो म्हटलं तर आपला कोपर पुढे करा. तो कोपराच्या वर धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. तुमच्या दंडाच्या हालचालीवरून त्याला वळण कळतं. जिन्याशी क्षणभर थांबून ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढंच सांगा, शेवटच्या पायरीला ‘संपला’ म्हणा. ‘अरे सांभाळ!’ या ओरडण्यातून कुठे, काय, काहीच कळत नाही. ‘उजवीकडे गाडी’ म्हणा.

नागपूरच्या उन्हाळ्यात कडक उन्हातून अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये शिरल्यावर डोळे जुळायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ दाराच्या आत बाजूला थांबू द्या. रुंद टोपी आणि रंगीत चष्मा ही त्याची गरज आहे. वर्गात ‘चष्मा काढ, हिरो’ म्हणणाऱ्या शिक्षकाला तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं बरं.

इमारतीत करण्यासारखं एक काम एनएसएसच्या एका रविवारी होतं: प्रत्येक पायरीच्या कडेला ५ सेंटीमीटर रुंदीचा पिवळा पट्टा. फक्त पहिल्या-शेवटच्या पायरीला देऊ नका, मधला टप्पा चुकतो. साधा ऑइल पेंट पावसाळ्यात निसरडा होतो, म्हणून रंगात बारीक वाळू मिसळा किंवा न घसरणारी चिकटपट्टी लावा. प्राचार्यांची परवानगी लेखी घ्या. त्याच दिवशी बाहेर उघडणारी खिडक्यांची तावदानं, अर्धवट उघडी दारं आणि वाटेत लावलेल्या दुचाक्या यांची यादी करा. या तिन्ही गोष्टी छातीच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर लागतात, आणि काठी असली तरी तावदान काठीला कळत नाही.

येण्या-जाण्याचा मार्ग एकदोनदा सोबत करून दाखवा. मेट्रोत ऑरेंज आणि ॲक्वा लाइन सीताबर्डीला बदलायची असते, आणि तिथे मजले बदलताना फलक वाचता आला नाही की गोंधळ होतो. कुठल्या जिन्यानं चढायचं, मग किती वळणं, हे शब्दांत सांगा. सिटी बसची पाटी वाचता येत नसेल तर थांब्यावर शेजारच्याला विचारणं हाच उपाय. तुम्ही थांब्यावर असाल तर आलेल्या बसचा मार्ग मोठ्यानं सांगा.

पायरी ७: प्रयोगशाळा

जोडीदारानं सगळं करून वहीत आकडे देणं म्हणजे प्रयोग झाला नाही. व्हर्नियर किंवा थर्मामीटरचा मोबाईलवर फोटो घेऊन मोठा करा, वाचन त्याला घेऊ द्या. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला मोबाईलचा कॅमेरा लावला की स्लाइड पडद्यावर दिसते. मोजपात्रामागे विरोधी रंगाचा कार्ड धरला की द्रवाची पातळी उठून दिसते. अनुमापनात फ्लास्कखाली पांढरी टाइल हवी, आणि रंगबदल ओळखता येत नसेल तर तेवढं तुम्ही सांगा, ब्युरेट मात्र त्याच्या हातात. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या लावा आणि बाटली जिथून घेतली तिथेच ठेवा. आम्ल ओतताना कोण काय करणार ते आधी ठरवा.

पायरी ८: परीक्षा आणि लेखनिक

‘त्याला जादा वेळ मिळतो, मजा आहे’ असं म्हणणाऱ्यानं भिंगातून एक प्रश्नपत्रिका वाचून पाहावी. एका वेळी चार-पाच अक्षरं दिसतात, ओळ संपली की पुढची ओळ शोधावी लागते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला किमान २० मिनिटं भरपाईचा वेळ सांगितला होता, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक (सांगितलेली उत्तरं लिहून देणारा) न घेता स्वतः लिहिणाऱ्यालाही तो देता येईल असं त्यात होतं. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिकाही मागता येते.

लेखनिकाबाबत अल्पदृष्टीवाले इथे अडकतात: त्या सूचनांनुसार अंधत्व, दोन्ही हातांचं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी या गटांना मागणी केली की लेखनिक मिळायचा, पण अल्पदृष्टीसह इतर गटांकडून लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे असं सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकाचं प्रमाणपत्र मागितलं जायचं. अपंगत्वाचा दाखला असला तरी हे वेगळं प्रमाणपत्र लागू शकतं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत त्यासाठी एकापेक्षा जास्त फेऱ्या होतात, म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीलाच चौकशी करा. दाखल्यावर अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यामुळे कुणी थेट नकार दिला तर हे लक्षात ठेवा, की विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट सक्तीची नसल्याचं म्हटलं आहे. नियमांत बदल होत असतात. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं चालू परिपत्रक मिळवा, लेखनिकाचं शिक्षण किती आणि कुठल्या विषयाचं चालेल ते त्यात वाचा, आणि अर्ज परीक्षा फॉर्मसोबतच द्या. अर्जाची पोच घ्या.

लेखनिक होणार असाल तर हे वाचा. पेपरच्या आधी जुन्या प्रश्नपत्रिकेवर एकदा तरी दोघांनी पूर्ण वेळ लावून सराव करा, त्यात त्याचा सांगण्याचा आणि तुमचा लिहिण्याचा वेग जुळतो. सरावाशिवाय बसलं की पहिला अर्धा तास जातो. परीक्षेत आधी सगळी प्रश्नपत्रिका गुणांसकट वाचून दाखवा, घाई न करता, सांगितलं तर पुन्हा. तो सांगेल तेच लिहा: चुकीचं वाटलं तरी सुधारू नका, सुचवू नका, ‘अं?’ करून इशाराही देऊ नका. त्यानं न सांगितलेला शब्द लिहिलात तर त्याचा पेपर धोक्यात येतो. नवा परिच्छेद, अधोरेखन, आकृती कुठे, हे तोच सांगेल. दर अर्ध्या तासानं किती वेळ उरला ते सांगा. प्रत्येक उत्तर संपल्यावर शेवटचं वाक्य वाचून दाखवा.

एक राखीव लेखनिक ठरवून त्याचेही ओळखपत्र, फोटो आणि गुणपत्रिका परीक्षा विभागाला आधीच द्या. ऐनवेळी ताप येणं, गावी जावं लागणं हे दर परीक्षेला कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं, आणि केंद्रावर सकाळी नवा माणूस मंजूर करून घेण्यात पेपरचा वेळ जातो. केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचा, आवाजाचा इतरांना त्रास होणार नाही अशी वेगळी खोली आणि खिडकीची चकाकी डोळ्यांवर येणार नाही अशी जागा मागून घ्या. उत्तरपत्रिका देण्याआधी आसन क्रमांक आणि पुरवण्यांचा आकडा त्याला वाचून दाखवा, मगच सही होऊ द्या.